ग्रंथ, गीत आणि मंडळी : सोलापूर परिसरातील मराठी ख्रिस्ती उपासनेचा इतिहास

१. प्रश्नाचे स्वरूप

मराठी भाषेतील ‘मंडळी’ हा शब्द मोठा आपुलकीचा आणि तितकाच लवचिक आहे. घरची माणसे ती मंडळी, पंगतीला बसलेली ती मंडळी आणि टाळ घेऊन भजनाला उभी राहिलेली तीही मंडळीच. एकोणिसाव्या शतकात प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांनी व त्यांच्या मराठी सहकाऱ्यांनी नव्या करारातील ‘एक्लेसिया’ या ग्रीक शब्दासाठी हाच शब्द रूढ केला. त्यामुळे ख्रिस्ती उपासकांच्या समुदायास मराठीत जे नाव मिळाले, त्यात घर, पंगत आणि भजन या तिन्हींचा ध्वनी आरंभापासूनच मिसळलेला होता. या शब्दाने जे सुचविले, ते प्रत्यक्षात किती उतरले, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

प्रॉटेस्टंट पंथाचे एक मूलतत्त्व असे की, शास्त्र प्रत्येकाने स्वतः, आपल्या भाषेत वाचावे व आपल्या सदसद्विवेकाने त्याचा अर्थ लावावा. हे तत्त्व ज्या युरोपीय-अमेरिकन समाजात वाढले, तेथे छपाई आणि साक्षरता यांचा प्रसार त्याच्या बरोबरीने झाला होता. महाराष्ट्रात हे तत्त्व आले, तेव्हा ज्यांच्यापुढे ते मांडावयाचे होते त्यांतील बहुसंख्यांस अक्षरओळख नव्हती. त्यांच्यापैकी पुष्कळांना तर पिढ्यानुपिढ्या पोथीच्या जवळ बसण्याचाही अधिकार नव्हता. वाचणाऱ्यांसाठी कल्पिलेला धर्म ऐकणाऱ्यांच्या समाजात कसा रुजला, हा प्रश्न येथे स्वाभाविकपणे उपस्थित होतो. धर्मांतराची कारणे, मिशनांच्या शाळा व दवाखाने यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मंडळी रविवारी एकत्र जमून नेमके काय करीत असे आणि त्यातून तिला काय प्राप्त झाले, याचा विचार त्या मानाने कमी झाला आहे.

२. सोलापूरची भूमी

या प्रश्नाचा विचार करण्यास सोलापूर हे अनेक कारणांनी योग्य स्थळ आहे. हे शहर मराठी, कन्नड आणि तेलुगू या तीन भाषांच्या संगमावर वसले आहे. बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धराम याच शहराचे. त्यांची वचने कन्नडात आहेत आणि त्यांच्या नावाचे सिद्धेश्वर देवस्थान आजही शहराचे हृदयस्थान आहे. याच जिल्ह्यात भीमेच्या काठी पंढरपूर आहे. येथे आषाढी-कार्तिकीला जमणारा वारकरी समाज शतकानुशतके अभंगांच्या द्वारा परमार्थ शिकत आला. वचन आणि अभंग या दोन्ही परंपरांत एक समान सूत्र आहे : धर्मविचार लोकभाषेत सांगावयाचा आणि तो कानाने ऐकून कंठात साठवावयाचा. सोलापूरच्या भूमीत जो कोणी नवा धर्मग्रंथ घेऊन येणार होता, त्याला या ऐकण्याच्या संस्काराशी गाठ घालावीच लागणार होती.

इ. स. १८६० मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग सोलापूरपर्यंत आला. मुंबई-पुण्याशी जोडले गेलेले हे शहर व्यापाराचे व पुढे कापडउद्योगाचे मोठे केंद्र बनले. १८७७ मध्ये सुरू झालेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी ‘जुनी मिल’ या नावाने लोकांच्या तोंडी रुळली. १८७६-७८, १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दुष्काळांनी दख्खनची खेडी उजाड केली, तेव्हा असंख्य कुटुंबे पोटासाठी अशा शहरांकडे वळली.

अमेरिकन मराठी मिशनने आपले केंद्र सोलापुरात स्थापिले ते रेल्वे आल्यानंतरच्या दशकात. या मिशनचा आरंभ १८१३ साली मुंबईस गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट यांच्या आगमनाने झाला होता. १८३१ पासून अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) हे त्याचे प्रमुख स्थान झाले. सोलापूरचे कार्य हा नगरच्या कार्याचाच आग्नेयेकडे झालेला विस्तार होय. पुढे मेरी बी. हार्डिंग यांच्या नावाने चाललेली बालशिक्षणाची संस्था आणि मुलींची वोरोनोको शाळा यांमुळे शहराच्या शैक्षणिक जीवनातही मिशनचे नाव रुजले.

येथे या मिशनच्या संघटनापद्धतीचा एक विशेष लक्षात घेणे अवश्य आहे. अमेरिकन बोर्डाचे बहुतेक मिशनरी काँग्रिगेशनल पंथाचे होते. या पंथात बिशपाची सत्ता नसते. प्रत्येक स्थानिक मंडळी हीच पूर्ण मंडळी मानली जाते. आपला पाळक निवडणे, सभासद घेणे वा वगळणे, प्रभुभोजनाची व्यवस्था ठेवणे हे तिचे अधिकार असतात. म्हणजे तत्त्वतः गिरणीकामगार, मजूर, शिक्षक आणि स्त्रिया यांच्या छोट्याशा समुदायाकडे धर्मविषयक निर्णयाची सत्ता येत होती. व्यवहारात मात्र पाळकाचे वेतन, मंदिराची इमारत आणि शाळेचा खर्च मिशनच्या हाती असे. तत्त्व आणि व्यवहार यांतील ही फट या मंडळ्यांच्या इतिहासात दीर्घकाळ दिसते. शास्त्राध्ययन व उपासना यांचा विचारही तिला वगळून करता येत नाही.

३. ग्रंथ मराठीत येतो

ख्रिस्ती शास्त्र मराठीत येण्याचा इतिहास सोलापूरच्या मंडळीहून फार जुना आहे. गोमंतकात फादर थॉमस स्टीफन्स यांनी रचलेले ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ बायबलचे भाषांतर नव्हे. जुन्या व नव्या करारांतील कथांचे ते पुराणपद्धतीने केलेले निरूपण होय. जुनी पुराणे हातून सुटलेल्या नवख्रिस्ती लोकांना त्यांच्या जागी काही तरी हवे होते आणि ती गरज ओळखून हा ग्रंथ सिद्ध झाला. रविवारी व सणाच्या दिवशी चर्चमध्ये तो मोठ्याने वाचला जावा, अशी योजना होती. ऐकणाऱ्या समाजाला ऐकण्याचा ग्रंथ द्यावा, हे स्टीफन्स यांचे उत्तर होते.

प्रॉटेस्टंटांनी दुसरा मार्ग पत्करला. सेरामपूरहून विल्यम कॅरी यांनी पंडित वैजनाथ यांच्या साहाय्याने मत्तयकृत शुभवर्तमान १८०५ मध्ये व नवा करार १८११ मध्ये मराठीत छापविला; हा नवा करार मोडी लिपीत होता. अमेरिकन मिशनने मुंबईस नवा करार १८२६ मध्ये प्रसिद्ध केला आणि १८४७ मध्ये संपूर्ण बायबल मराठीत उपलब्ध झाले. या सर्व प्रयत्नांमागे गद्य, शब्दनिष्ठ आणि प्रत्येकाच्या हातात देता येईल असा ग्रंथ निर्माण करण्याची दृष्टी होती.

मोडीकडून बालबोधीकडे झालेले हे स्थित्यंतर वरवर पाहता छपाईच्या सोयीचे दिसते. त्याचा सामाजिक अर्थ मात्र अधिक खोल आहे. मोडी ही दप्तराची लिपी होती. ती कुलकर्णी, कारकून आणि सावकार यांच्या हातात होती. बालबोध ही पोथीची लिपी होती आणि ती शास्त्री-पुराणिकांच्या घरी होती. मिशनच्या शाळेत महार-मांगांचा मुलगा बालबोध अक्षर गिरवू लागला, तेव्हा तो पोथीच्या लिपीत प्रवेश करीत होता. पुस्तक उघडून ओळ वाचणे ही कृती त्याच्यापुरती धार्मिक होती, तशीच ती एका जुन्या निषेधाची मोडतोडही होती. नगर व सोलापूर परिसरातील मंडळ्यांत या समाजांतून आलेल्यांची संख्या मोठी होती, हे ध्यानात घेतले म्हणजे शास्त्रवाचनाला या मंडळ्यांनी दिलेल्या महत्त्वाचा उलगडा होतो.

४. वाचन, पाठांतर, विवरण

तथापि पहिल्या पिढीतील प्रौढ सभासदांपैकी फार थोड्यांना वाचता येत असे. मंडळीच्या जीवनात शास्त्राध्ययनाचे जे मार्ग रूढ झाले, ते या वस्तुस्थितीतून घडले.

पहिला मार्ग पाठांतराचा. बाप्तिस्म्यापूर्वी उमेदवारास प्रभूची प्रार्थना, दहा आज्ञा आणि विश्वासाची मुख्य तत्त्वे मुखोद्गत करावी लागत. शब्बाथ शाळेत मुलांना दर आठवड्यास एखादे वचन पाठ करावे लागे आणि पुढच्या रविवारी सर्वांसमोर म्हणून दाखवावे लागे. मुलाने घरी म्हटलेले वचन आईच्या कानी पडे व तिच्याही तोंडी बसे. अशा रीतीने शाळेतील धडा चुलीपर्यंत पोहोचे. अध्ययनाची ही पद्धत पाश्चात्त्य शब्बाथ शाळेची म्हणून आली असली, तरी तिचा गाभा येथील पंतोजीच्या शाळेतील परवच्यापेक्षा फारसा भिन्न नव्हता. म्हणूनच ती लोकांना परकी वाटली नाही.

दुसरा मार्ग बायबलबाईंचा. घरोघर जाऊन स्त्रियांना शास्त्रातील कथा वाचून दाखविणे, त्यांना अक्षरे शिकविणे आणि त्यांच्या सुखदुःखाची विचारपूस करणे हे यांचे काम. या स्त्रियांत विधवा व परित्यक्ता अनेक असत. ज्या समाजात स्त्रीने पुराण सांगावयास बसणे ही कल्पनाच विरळ होती, तेथे हातात पुस्तक घेऊन वाड्यात वा वस्तीत शिरणारी आणि स्वतःच्या कमाईवर जगणारी ही स्त्री एक नवीनच व्यक्ती होती. मंडळीत प्रवचनाचे आसन पुरुषाकडे राहिले. परंतु शास्त्राचा दैनंदिन अर्थ सांगण्याचे पुष्कळसे काम या स्त्रियांनी केले. त्यांच्यातील फारच थोड्यांची नावे इतिहासाच्या पानांवर आली आहेत.

तिसरा मार्ग कौटुंबिक प्रार्थनेचा. दिवेलागणीनंतर घरातील वाचता येणाऱ्याने एक उतारा वाचावा, सर्वांनी एक गीत म्हणावे आणि वडीलधाऱ्याने प्रार्थना करावी, अशी ही रीत. तिने एक सूक्ष्म पालट घडविला. पुष्कळ घरांत वाचता येणारी व्यक्ती ही वयाने सर्वांत लहान असे. बाप ऐकतो आहे आणि दहा वर्षांची मुलगी शास्त्र वाचते आहे, हे दृश्य त्या काळच्या मराठी घरात सहजासहजी आढळणारे नव्हते.

या तिन्ही मार्गांत एक समान गोष्ट दिसते. शास्त्र एकट्याने, मूकपणे वाचण्याचा प्रसंग क्वचितच येई; ते बहुधा मोठ्याने आणि चार माणसांत वाचले जाई. प्रत्येकाने स्वतः वाचावे, हे तत्त्व येथे सर्वांनी मिळून ऐकावे, या आचारातून प्रकट झाले. त्यामुळे तत्त्वाला बाधा आली असे नव्हे. मात्र ग्रंथाचा अर्थ ठरविण्याचे काम व्यक्तीच्या एकांतातून निघून समुदायाच्या बैठकीत आले आणि तेथे गीताचा प्रश्न अपरिहार्यपणे पुढे आला.

५. कीर्तन आणि भजन

आरंभीच्या उपासनेत इंग्रजी गीतांची मराठी भाषांतरे त्यांच्या मूळ चालींवर म्हटली जात. ही गीते मनापासून म्हटली गेली आणि त्यांतील काही आजही प्रिय आहेत. तरी त्यांत एक मूलभूत अडचण होती. इंग्रजी पद्याची लय आघातावर उभी आहे. मराठी पद्य अक्षरसंख्या, मात्रा आणि ऱ्हस्व-दीर्घ यांवर चालते. परकी चाल राखावयाची तर शब्दांची ओढाताण होते, ऱ्हस्व दीर्घ होतो, समास मध्येच तुटतो. शब्द बरोबर म्हणावयाचे तर चाल बिघडते. ज्यांच्या कानावर अभंग, ओवी आणि भूपाळी यांचे संस्कार जन्मापासून झालेले होते, त्यांना हे गायन ऐकून धर्मभाव जागा होण्यास वेळ लागे.

या अडचणीवरचा पहिला मोठा उपाय नगरास निघाला. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी मराठी चालींवर ख्रिस्ती गीते रचली व १८६० च्या दशकात कीर्तनाचा प्रकार ख्रिस्ती उपदेशासाठी वापरण्यास प्रारंभ केला. पूर्वरंगात एखाद्या वचनाचे विवरण आणि उत्तररंगात आख्यान ही कीर्तनाची घडण बायबलला विलक्षण जुळणारी होती. योसेफाची कथा, उधळ्या पुत्राचा दृष्टांत यांसारखी आख्याने कीर्तनकाराला आयतीच मिळाली. हरिदासाच्या वेषाला आणि वाद्यांना काही मिशनऱ्यांनी प्रथम साशंकतेने पाहिले असले तर नवल नाही. परंतु ज्या रात्री प्रवचनाला मूठभर माणसे येत, त्या रात्री कीर्तनाला चावडी भरते, हे कोणाच्याही लक्षात येण्याजोगे होते. शिवाय कीर्तन ऐकावयास बाप्तिस्मा घेतलेला असावाच लागे, असे नव्हते.

दुसरा आणि अधिक दूरगामी पालट नारायण वामन टिळक यांच्या काव्याने झाला. १८६१ मध्ये जन्मलेल्या टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस झाला. पुढे नगरास अध्यापन करीत असताना आणि १९१२ पासून ‘ज्ञानोदय’ पत्राच्या मराठी विभागाचे संपादन करीत असताना त्यांनी जी भजने व अभंग रचले, त्यांनी मराठी मंडळीच्या उपासनेचे रूपच पालटले. आपण ख्रिस्ताकडे तुकारामाच्या पुलावरून आलो, अशा आशयाचे त्यांचे म्हणणे सर्वश्रुत आहे. त्यांच्या अभंगांतील ‘दास म्हणे’ ही नाममुद्रा संतपरंपरेशी असलेले नाते उघडपणे सांगते. ‘उपासना संगीत’ या मराठी मंडळ्यांच्या गीतसंग्रहात सांगळे आणि टिळक यांच्या रचनांचा वाटा मोठा आहे. हे पुस्तक पुष्कळ ख्रिस्ती घरांत बायबलच्या शेजारी ठेवले गेले.

सोलापूरसारख्या ठिकाणी या पालटाचा अर्थ अधिक स्पष्ट होतो. पंढरीच्या वाटेवरील या प्रदेशात टाळ-मृदंगाचा नाद सर्वांच्या ओळखीचा होता. पण विठ्ठलाच्या मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. साने गुरुजींच्या उपोषणानंतर १९४७ मध्ये ते द्वार उघडले. तोवर चोखोबाचा अभंग गाणाऱ्यांचा मोठा समुदाय चोखोबाच्या समाधीपाशीच थांबत असे. ख्रिस्ती मंडळीच्या मंदिरात तोच टाळ, तोच छंद आणि तीच आर्तता घेऊन माणसे आत बसत होती. रूप परिचयाचे आणि प्रवेश नवा, या दोहोंच्या योगाने भजन हे उपासनेचे अलंकरण न राहता समतेचा अनुभव बनले. एकाच भाकरीतून व एकाच पेल्यातून घेतले जाणारे प्रभुभोजन हा त्याचा दुसरा आविष्कार होता. भिन्न जातींतून आलेल्यांनी एका पेल्याला ओठ लावणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. त्याविषयी मंडळ्यांत कुरबुर होत असे आणि ती मोडून काढण्यास काळ जावा लागला.

६. शब्दांचा वाद : दोन उत्तरे

भजनाच्या मार्गाने शास्त्र लोकांच्या कंठी आले, हे खरे. पण त्याचबरोबर एक गंभीर प्रश्नही आला. भक्तिपरंपरेचे शब्द घेतले की त्या शब्दांमागील अर्थही येतात. ‘मोक्ष’, ‘अवतार’, ‘माया’, ‘गुरू’ असे शब्द ख्रिस्ती गीतात उतरले म्हणजे ऐकणाराच्या मनात कोणता अर्थ उमटतो ? त्या शब्दांनी ख्रिस्ती विचार लोकांपर्यंत जातो, की ख्रिस्ती विचारच हळूहळू दुसरे रूप घेतो ?

एकाच पिढीतील दोन श्रेष्ठ व्यक्तींनी या प्रश्नास परस्परविरुद्ध उत्तरे दिली. टिळकांचे उत्तर असे की, संतांचे शब्द ही महाराष्ट्राची पूर्वतयारीच होय. ते सोडून ख्रिस्त मराठी होऊ शकत नाही. पंडिता रमाबाईंचे उत्तर वेगळे होते. संस्कृत पंडिता म्हणून त्यांची कीर्ती होती. म्हणूनच तत्त्वज्ञानाच्या परिभाषेतील शब्द किती भार वाहून आणतात, हे त्यांना इतरांपेक्षा अधिक ठाऊक होते. प्रचलित मराठी बायबलची भाषा अशा शब्दांनी भारलेली आणि साध्या स्त्रियांना अगम्य आहे, असे त्यांचे मत झाले. हिब्रू व ग्रीक भाषा शिकून त्यांनी संपूर्ण बायबलचे नवे भाषांतर हाती घेतले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी मृत्यू येईपर्यंत त्यात आयुष्याची अखेरची वर्षे वेचली. हे भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याची जुळणी व छपाई केडगावच्या मुक्तिसदनातील स्त्रियांनी केली, हा मराठी ग्रंथमुद्रणाच्या इतिहासातील एक असाधारण प्रसंग होय.

केडगाव हे पुणे-सोलापूर लोहमार्गावरील स्टेशन आहे. त्याच मार्गाने पुढे गेले म्हणजे पंढरपूरचा मुलूख लागतो. सोलापूरची मंडळी भूगोलाने या दोन उत्तरांच्या मध्ये उभी होती, असे म्हणावयास हरकत नाही. आणि आचाराच्या दृष्टीनेही तिची स्थिती तशीच राहिली. मराठी मंडळ्यांनी यांपैकी कोणतेही एक उत्तर पूर्णपणे स्वीकारले नाही. शास्त्रवाचनासाठी त्यांनी बायबल सोसायटीची संशोधित आवृत्ती ठेविली, गायनासाठी टिळक ठेविले. वाचनाची भाषा एक आणि गाण्याची भाषा दुसरी, अशी ही विभागणी होती. तर्काच्या कसोटीला ती उतरत नसेल. परंतु तिच्यात मंडळीचे व्यावहारिक शहाणपण दिसते. वाचलेले वचन गाण्याला आवर घालते आणि गाणे वाचलेल्या वचनाला जिवंतपणा देते. रमाबाईंची भीती आणि टिळकांची आशा या दोन्ही उपासनेच्या एकाच तासात शेजारी शेजारी वावरत राहिल्या.

या समन्वयाचे सर्वांत बोलके उदाहरण लक्ष्मीबाई टिळक यांचे आहे. १९०० मध्ये ख्रिस्ती झालेल्या लक्ष्मीबाईंचे औपचारिक शिक्षण नाममात्र होते. तरीही ‘स्मृतिचित्रे’ सारखा ग्रंथ त्यांनी मराठीस दिला आणि टिळकांनी अपुरे ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य पुढे रचून त्याचा फार मोठा भाग सिद्ध केला. त्यांचे शास्त्रज्ञान बहुतांशी ऐकून, गाऊन आणि संभाषणातून आलेले होते. ऐकणाऱ्यांची मंडळी निर्मितीच्या पातळीवर कोठवर जाऊ शकते, याचा तो पुरावा होय.

७. मंदिराच्या भिंती : १ जानेवारी १९३८

शास्त्राध्ययन आणि भजन यांनी मंडळीला आतून घडविले. पण मंदिराबाहेरच्या जीवनात त्याचा काय उपयोग झाला, हा प्रश्न सोलापुरातच एकदा अत्यंत परखडपणे विचारला गेला.

१९३५ मध्ये येवले येथे धर्मांतराची घोषणा केल्यानंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोणता धर्म स्वीकारतील, याकडे सर्वांचे लक्ष होते. १ जानेवारी १९३८ रोजी सोलापूरच्या ख्रिस्ती समाजापुढे रे. गंगाधर जाधव यांच्या अध्यक्षतेखाली त्यांचे भाषण झाले. धर्मांच्या तौलनिक अभ्यासानंतर बुद्ध आणि ख्रिस्त या दोनच व्यक्तींनी आपले मन आकर्षून घेतले, असे त्यांनी तेथे सांगितले. मंडळीला हे ऐकून समाधान वाटले असेल. परंतु भाषणाचा पुढील भाग समाधान देणारा नव्हता. दक्षिणेकडील ख्रिस्ती लोक चर्चमध्येही जातिभेद पाळतात, याकडे त्यांनी लक्ष वेधले. अस्पृश्याला ख्रिस्ती केले की मिशनरी आपले कर्तव्य संपले असे मानतात आणि त्याच्या राजकीय हक्कांची चिंता वाहत नाहीत, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. अस्पृश्य समाज अशिक्षित असूनही चळवळीमुळे त्याला मुंबई विधानसभेत पंधरा जागा मिळाल्या. उलट शिष्यवृत्ती मिळविणारा अस्पृश्य विद्यार्थी ख्रिस्ती झाला, तर त्याची आर्थिक स्थिती तीच राहूनही त्याची शिष्यवृत्ती बंद होते, हे उदाहरण त्यांनी दिले.

या आक्षेपाचे वजन पुढील इतिहासाने वाढविले. १९५० च्या राष्ट्रपतींच्या अनुसूचित जातिविषयक आदेशाने ही सवलत हिंदूंपुरती ठेविली. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध यांचा तीत समावेश झाला. ख्रिस्ती मात्र बाहेर राहिले. मंडळीत जात नाही, असे शास्त्रातून शिकलेल्या माणसाला मंदिराबाहेरच्या वस्तीत जात सोडीत नव्हती आणि कायद्याच्या लेखी मात्र त्याची जात संपलेली होती.

दुसरी एक मर्यादाही नोंदविली पाहिजे. १९११ च्या गुन्हेगार जमाती कायद्यान्वये मुंबई इलाख्यात ज्या वसाहती स्थापन झाल्या, त्यांत सोलापूरची वसाहत प्रमुख होती आणि तिच्या व्यवस्थेत अमेरिकन मराठी मिशनचा काही काळ सहभाग होता. तेथील कुटुंबांना शाळा, गिरणीतील काम आणि औषधपाणी मिळाले, हे नाकारता येणार नाही. परंतु ती माणसे तेथे कायद्याने डांबलेली होती. जेथे हजेरी सक्तीची आहे, तेथील प्रार्थना कितपत ऐच्छिक, हा प्रश्न टाळता येत नाही. स्वतःच्या सदसद्विवेकाने शास्त्र वाचावे, हे तत्त्व मानणाऱ्या मिशनच्या बाबतीत तर तो अधिकच टोचणारा आहे. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला.

८. उपसंहार

वरील विवेचनातून काही निष्कर्ष काढता येतात. सोलापूर व नगर परिसरातील मराठी मंडळीने शास्त्र आत्मसात केले ते तीन टप्प्यांनी. प्रथम ते पाठांतराने जिभेवर आले, नंतर कीर्तन-भजनाने ते कानात व कंठात मुरले, आणि साक्षरता वाढली तसे ते डोळ्यांनी वाचले जाऊ लागले. युरोपातील क्रम याहून वेगळा होता. म्हणून येथील क्रमाला गौण लेखण्याचे कारण नाही. स्टीफन्स यांनी जे एका पुराणग्रंथाने साधू पाहिले, ते येथे एका संपूर्ण समुदायाच्या सवयींनी साधले.

दुसरा निष्कर्ष अधिकाराविषयी आहे. काँग्रिगेशनल पद्धतीने मंडळीस जी सत्ता तत्त्वतः दिली होती, ती पैशाच्या व्यवहारात दीर्घकाळ मिशनकडे राहिली. पण गीताच्या क्षेत्रात मंडळी फार आधी स्वतंत्र झाली. कोणते भजन म्हणावयाचे, कोणत्या चालीत म्हणावयाचे, हे ठरविण्यास तिला बाहेरच्या संमतीची आवश्यकता उरली नाही. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापिला, त्यामागील स्वातंत्र्याची आकांक्षा मंडळीच्या गायनात त्यापूर्वीच व्यक्त झालेली होती. संघटनेतील स्वायत्तता हळूहळू आली : १९२४ मध्ये निर्माण झालेल्या संयुक्त मंडळीत या मंडळ्या सामील झाल्या आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे उत्तर भारतीय चर्च स्थापन झाले, तेव्हा मिशनकालीन व्यवस्थेचे पर्व संपले.

तिसरा निष्कर्ष हाच या इतिहासातील खरा प्रश्न होय. एकत्र वाचणे व एकत्र गाणे यांनी माणसाला आवाज मिळतो; परंतु तो आवाज मंदिराच्या भिंतींत राहिला, तर त्याचे अर्धे काम अपुरे राहते. १९३८ साली सोलापूरच्या मंडळीपुढे ठेवला गेलेला आक्षेप मुळात हाच होता. ज्या मुलीने दिवेलागणीला बापाला शास्त्र वाचून दाखविले, तिने सभेत आपला हक्क वाचून दाखवावा, अशी त्याची मागणी होती. मंडळीच्या शास्त्राध्ययनाचा व उपासनेचा इतिहास लिहिताना गीतांची संख्या आणि भाषांतरांच्या आवृत्त्या यांच्या जोडीला ही मागणी कितपत पुरी झाली, याची नोंद अभ्यासकाने ठेवावयास हवी.